अर्धी दोरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात झाशी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय कोणता, अशी चिटणिसांची विचारणा आली तेव्हा आम्ही ‘त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू’ असे कळवले. आपल्या हस्ताक्षराचा दोष असावा असे समजून त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतले. दोष हस्ताक्षराचा नव्हता. ज्या भूमितीच्या तासाला आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी जांभया दिल्या असतील, त्या तासातले एक लहानसे प्रमेय एकदा आमच्या घरी उपयोगी पडले. ती हकीकत आणि ते प्रमेय, दोन्ही आज आपल्यापुढे ठेवायची आहेत.

ही स्मरणिका झाशी सोडून दूरदूरच्या गावी व परदेशी गेलेल्या आपल्या कुटुंबांच्या हाती पडेल; तिथल्या मुलांनी कदाचित बडा बाजार पाहिलाही नसेल. त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. झाशीचा किल्ला ओरछ्याच्या वीरसिंह देवांनी १६१३ साली बांधला. पेशव्यांकडून नारोशंकर १७४२ मध्ये इथे सुभेदार होऊन आले. त्यांनी किल्ला वाढवला आणि त्याच्या पायथ्याशी वस्ती वाढवली. दक्षिणेतून आलेली अनेक घराणी त्या काळापासून इथे रुजली. शहराच्या तटाला जे दरवाजे आहेत, त्यांत ओरछा, दतिया, सागर, उन्नाव अशा गावांच्या नावांबरोबर एक ‘खंडेराव’ही आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७-५८ च्या धामधुमीत पाहिलेली झाशी आपल्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात लिहून ठेवली. ते पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. या तटाच्या आतली जुनी पेठ म्हणजे बडा बाजार. खाली दुकान, वर घर, मागे चौक आणि चौकाच्या मागे पुन्हा घर, अशी तिथली जुनी बांधणी. आमचे बालपण अशाच एका घरात गेले.

ते घर गोमुखी होते. बाजाराच्या बाजूला तोंड अरुंद आणि मागे रुंद, अशा जागेला आपल्याकडे गोमुखी म्हणतात व ती शुभ मानतात. शुभाशुभाविषयी आम्ही काही बोलत नाही. परंतु अशा जागेची वाटणी करणे अवघड असते, एवढे मात्र अनुभवाने सांगतो. पुढची रुंदी मोजून मागची कळत नाही.

आमचे मंडळ स्थापन झाले त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. एका पावसाळ्यात घराची मागची बाजू कोसळली. पछितीचे दोन्ही टोकांचे कोपरे तेवढे उभे राहिले आणि मधोमध विटामातीचा, मोडक्या वाशांचा मोठा ढिगारा पडला. आजोबांच्या पश्चात घर आमच्या वडिलांचे व धाकट्या काकांचे निम्मे-निम्मे. आता नव्याने बांधायचे तर मधली भिंत कुठे घालायची, हा प्रश्न उभा राहिला. जुन्या खतात पछितीची लांबी ‘हात २८’ अशी नोंदलेली होती. दीड फुटाचा हात धरून वडिलांनी ४२ फूट हा हिशेब केला, आपल्या कोपऱ्यापासून २१ फुटांवर ढिगाऱ्यात एक बांबू रोवला. काकांनी ढिगाऱ्याच्या कडेकडेने फीत फिरवून, वळसा अंदाजाने वजा करून, ३९ फूट हा आकडा काढला आणि त्याच कोपऱ्यापासून साडेएकोणीस फुटांवर दुसरा बांबू रोवला. दोन बांबूंत अंतर दीड फुटाचे.

बांधवहो, दीड फूट म्हणजे किती? उंबऱ्यावर एक माणूस बसेल एवढी जागा. पण त्या दीड फुटासाठी आमच्या घरात आधी बोलणे कमी झाले, मग चुली वेगळ्या झाल्या आणि शेवटी काका वकिलाकडे जाऊन आले. ढिगारा उपसून पछीत सरळ मोजली असती तर प्रश्न उरलाच नसता, असे आपण म्हणाल. परंतु ढिगारा कोणी कोणाच्या खर्चाने उपसायचा, हेही वाटणीवरच अवलंबून होते. आजी दोन्ही चुलींवर जेवेना. ती म्हणे, ‘मी कोणाच्या बाजूची, ते आधी मोजून सांगा.’

त्या वर्षी दिवाळीला आत्या आली. ती दोन्ही भावांच्या मधली. मुलींच्या शाळेत गणित शिकवी. तिने ढिगारा पाहिला, दोन्ही बांबू पाहिले, दुकानातून सुतळीचा गुंडा आणि चार खुंट्या मागवल्या आणि वडिलांना म्हणाली, ‘दादा, चौकात तुला आवडेल तिथे एक खुंटी ठोक.’

वडिलांनी विहिरीच्या कठड्याजवळ, म्हणजे अर्थातच आपल्या बाजूला, खुंटी ठोकली. त्या खुंटीला आपण क म्हणू. आमच्या बाजूचा पछितीचा कोपरा ख, काकांच्या बाजूचा ग. क पासून ख पर्यंत सुतळी सरळ ताणता येत होती. क पासून ग पर्यंतही येत होती. ख पासून ग पर्यंत मात्र येत नव्हती, कारण मध्ये ढिगारा होता. आत्याने क ते ख एवढी सुतळी कापली, दुमडून निम्मी केली आणि दुमडीवर कुंकवाचा ठिपका लावला. सुतळी पुन्हा ताणून ठिपक्याखाली खुंटी ठोकली, ती म. तसेच क ते ग या सुतळीचे करून दुसरी खुंटी ठोकली, ती न. ढिगारा पछितीपासून सात-आठ फूट पुढे आलेला होता, आणि क खुंटी पछितीपासून तीसेक फुटांवर. त्यामुळे म आणि न या खुंट्या पछितीपासून पंधराएक फुटांवर, मोकळ्या फरशीवर आल्या. त्यांच्यातले अंतर फितीने मोजले, ते भरले २० फूट ६ इंच.

‘पछीत याच्या दुप्पट,’ आत्या म्हणाली, ‘म्हणजे ४१ फूट. पण दुप्पट करायचीही गरज नाही. तुम्हांला निम्मेच हवे आहे ना? ही दोरी म्हणजेच प्रत्येकाचा वाटा.’

काका लगेच म्हणाले, ‘ताई, खुंटी दादाच्या बाजूला आहे. त्याची सुतळी आखूड, माझी लांब. माप त्याच्याच बाजूचे येणार.’

आत्या रागावली नाही. तिने सगळ्या खुंट्या उपटल्या आणि त्यातली एक काकांच्या हातात दिली. ‘आता तू ठोक. जिथे मन मानेल तिथे.’

काकांनी तुळशीवृंदावनाच्या पलीकडे, अगदी आपल्या कडेला खुंटी ठोकली. पुन्हा दोन सुतळ्या, पुन्हा दोन दुमडी, पुन्हा कुंकवाचे दोन ठिपके. या वेळी काकांची सुतळी आखूड आणि आमची लांब. म आणि न यांची जागाही पार बदलली होती. फितीवर आकडा आला २० फूट साडेसहा इंच. अर्धा इंच सुतळीच्या ताणाचा, असे आत्याने सांगितले. तो दुपटीने वाढून पछितीवर इंचभर होईल, त्याहून अधिक नाही, हेही सांगितले. काका फितीकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले.

बालमित्रांनो, आता तुमच्या मनात जो प्रश्न आला असेल तोच तेव्हा आमच्या मनात आला. खुंटी हलली, सुतळ्या बदलल्या, तरी अंतर तेच कसे? त्याचे उत्तर आत्याने त्याच संध्याकाळी चौकातल्या फरशीवर खडूने काढून दिले. ते आपण पाहू.

कखग हा त्रिकोण. कख चा मध्यबिंदू म, कग चा मध्यबिंदू न. म पासून न पर्यंतची रेषा न च्या पलीकडे तेवढीच वाढवा. टोकाला प म्हणा. म्हणजे मन आणि नप सारख्या. आता प आणि ग जोडा. कनम आणि गनप हे दोन त्रिकोण पाहा. कन आणि नग सारख्या, कारण न मध्यबिंदू. मन आणि नप सारख्या, कारण आपणच तशा केल्या. न जवळचे दोन समोरासमोरचे कोन सारखे. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन सारखे, म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप. तेव्हा गप ही कम एवढी झाली, आणि कम म्हणजेच मख. शिवाय गप ही कख ला समांतरही झाली. ज्या चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजू सारख्या आणि समांतर, तो समांतरभुज चौकोन. म्हणून खगपम हा समांतरभुज चौकोन, आणि त्याच्या उरलेल्या दोन बाजू खग व मप याही सारख्या व समांतर. मन ही मप च्या निम्मी, म्हणून खग च्याही निम्मी, आणि तिला समांतर. प्रमेय सिद्ध झाले.

फरशीवरची आकृती दाखवून आत्या म्हणाली, ‘यात क कुठे असावा याविषयी एक शब्द तरी आला का? नाही. म्हणून खुंटी दादाने ठोकली काय किंवा तू ठोकलीस काय, पछितीला त्याचे काही नाही. फक्त दोन्ही सुतळ्या बरोबर निम्म्या झाल्या पाहिजेत. एक निम्मी केली आणि दुसरी तिसऱ्या हिश्शावर धरली, तर रेषा तिरकी जाईल आणि माप खोटे येईल.’

आम्ही पुढे पुष्कळ गणित वाचले. पण निःपक्षपात या शब्दाचा अर्थ आम्हांला त्या खडूच्या आकृतीने जेवढा स्पष्ट सांगितला तेवढा कोणी सांगितला नाही. निःपक्षपाती माणसाने दोन्ही पक्षांपासून सारख्या अंतरावर उभे राहिले पाहिजे, असा आपला समज असतो. ते आवश्यक नाही. आत्या पहिल्यांदा आमच्याजवळ होती, दुसऱ्यांदा काकांजवळ. आवश्यक ते एवढेच, की दोन्ही बाजूंना लावलेले प्रमाण एक असावे.

मंडळींपैकी कोणी विचारील की यापेक्षा सोपा मार्ग नव्हता काय? एक होता. ख पासून क पर्यंत जाऊन तेवढेच पुढे जावे, ग पासून क पर्यंत जाऊन तेवढेच पुढे जावे, आणि ती दोन नवी टोके जोडावी. ते अंतर पछितीएवढेच भरते, निम्मे करण्याचीही जरूर नाही. परंतु त्यासाठी क च्या पलीकडेही तीस फूट मोकळी जागा हवी. आमचा चौक तेवढा नव्हता. सुतळी दुकानातून बाहेर काढून बडा बाजाराच्या रस्त्यावर ताणावी लागली असती, आणि मग घरातले भांडण सगळ्या पेठेने मोजले असते. निम्म्याचे प्रमेय कमी जागेत, घरातल्या घरात काम करते.

हेच प्रमेय लहानमोठ्या अनेक कामी येते. लक्ष्मी तालाच्या काठावरील दोन ठिकाणांमधले अंतर काढायचे आहे आणि मध्ये पाणी आहे असे समजा. काठावरच्या मोकळ्या जागी उभे राहा. एक ठिकाण २४० पावलांवर, दुसरे ३०० पावलांवर आहे. पहिल्याकडे १२० पावले जाऊन खूण करा, दुसऱ्याकडे १५० पावले जाऊन खूण करा. दोन खुणांमधले अंतर ११० पावले भरले, तर पाण्यावरचे अंतर २२० पावले. पाण्याला पाय न लावता ते कळले.

किंवा शिडी घ्या. भिंतीच्या वरच्या खिडकीला शिडी टेकली आहे. शिडीच्या बरोबर मध्यापासून ओळंबा सोडा. ओळंबा भिंतीला समांतर. त्यामुळे त्याची लांबी खिडकीच्या उंचीच्या निम्मी. ती ५ फूट ९ इंच भरली, तर खिडकी ११ फूट ६ इंचांवर. चढायची गरज नाही.

आणि आमच्या गोमुखी घराचे? त्या दिवाळीच्या सुटीत आत्याने आम्हांला तो अभ्यासच दिला होता. जागेच्या दोन आडव्या कडा, पुढची व मागची, समांतर आहेत. दोन उभ्या भिंती सरळ पण पसरत गेलेल्या आहेत. उभ्या भिंतींच्या मध्यावर जागेची रुंदी किती? एक कर्ण ओढा. जागेचे दोन त्रिकोण झाले. एकात मधली रेषा पुढच्या कडेच्या निम्मी, दुसऱ्यात मागच्या कडेच्या निम्मी. दोन्ही मिळून मधली रुंदी, म्हणजे पुढच्या व मागच्या कडेची सरासरी. आमच्या घराचे तोंड ३३ फूट होते. त्याचे निम्मे साडेसोळा. पछितीचे निम्मे साडेवीस. बेरीज ३७. आम्ही दोन्ही उभ्या भिंती मोजून त्यांचे मध्य काढले आणि चौकात आडवी फीत धरली. ३७ फूट! दुसऱ्या वाटेने जाऊनही पछीत ४१ फूटच आली. आपण सांगितलेली गोष्ट मुलाने दुसऱ्या वाटेने तपासून पाहिली, याचा आत्याला झालेला आनंद आम्हांला अजून आठवतो.

हे ज्ञान आपल्यापर्यंत कसे आले, हेही आज सांगण्याजोगे आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या सुमारास युक्लिडने भूमितीचे जे ग्रंथ रचले, त्यांतल्या सहाव्या पुस्तकातील दुसरे प्रमेय असे, की त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर काढलेली रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात छेदते, आणि एकाच प्रमाणात छेदणारी रेषा समांतर असते. आपले मध्यबिंदूंचे प्रमेय हे त्याचेच एक विशेष रूप. हा ग्रंथ ग्रीकातून अरबीत गेला. अरबीतून संस्कृतात तो कोणी आणला? जगन्नाथ सम्राट यांनी. त्यांचे घराणे मूळचे महाराष्ट्रातले, वैदिकांचे. ते स्वतः आमेरचे सवाई जयसिंह यांच्या पदरी होते. जयसिंहांच्या सूचनेवरून हा पंडित अरबी आणि फारसी शिकला आणि अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात त्याने नसीरुद्दीन तूसीच्या अरबी ग्रंथावरून पंधरा अध्यायांचे ‘रेखागणित’ संस्कृतात सिद्ध केले. घरापासून दूर, परक्या दरबारी, परक्या भाषा शिकून एका मराठी घराण्यातल्या माणसाने हे केले. आपल्यासारख्या दूरच्या मंडळींना त्याचा विसर पडू नये.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर आमच्या लहानपणची एक गंमत सांगतो. शाळेत आम्ही हिंदीत शिकत होतो. तिथे ‘ज्यामिति’, घरी आत्याची ‘भूमिती’. तिथे ‘त्रिभुज’, घरी ‘त्रिकोण’. तिथे ‘समकोण’, घरी ‘काटकोन’. एकच आकृती हिंदीने तिच्या भुजांवरून ओळखली, मराठीने कोनांवरून. आम्ही गोंधळलो म्हणजे आत्या म्हणे, ‘अरे, दोन्ही बाजूंनी पाहायला मिळते, हा तुझा फायदा.’ मध्यबिंदू मात्र दोन्हीकडे मध्यबिंदूच, आणि समांतरही दोन्हीकडे समांतरच. आज इथली मुले इंग्रजीत शिकतात. त्यांच्या आईवडिलांना आमची एवढीच विनंती, की घरी एकदा तरी हे प्रमेय त्यांना मराठीत सांगावे. फरशी, खडू आणि सुतळी पुरे.

मुलांसाठी घरचा अभ्यासही देऊन ठेवतो. रांगोळीचा कोणताही चौकोन काढा, कितीही वेडावाकडा. त्याच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू ओळीने जोडा. आत जो चौकोन होईल तो दर वेळी समांतरभुजच होईल. फ्रान्सच्या वारिन्यों या गणितज्ञाचे हे प्रमेय त्याच्या मृत्यूनंतर १७३१ साली प्रसिद्ध झाले. ते का खरे आहे, याचे उत्तर आजच्या भाषणातच दडलेले आहे. एक कर्ण ओढा म्हणजे सापडेल.

आता राहिलेली हकीकत. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी स्वतः आपला बांबू उपटला. आत्याची साडेवीस फुटांची दोरी कोपऱ्याला धरली आणि सहा इंच अलीकडे बांबू पुन्हा रोवला. काकांनी आपला बांबू उपटून ढिगाऱ्यावर टाकला. त्यांना फूटभर पलीकडे जावे लागले. दोघांपैकी कोणीही बरोबर नव्हते, हे दोघांच्याही दृष्टीने बरेच झाले. ढिगारा दोघांनी मिळून उपसला. मग पछीत फितीने सरळ मोजली, ती ४१ फूट व वर बोटभर भरली. बोटभर कोणी मागितले नाही. आजी त्या दिवशी आधी काकांकडे जेवली आणि मग आमच्याकडे येऊन नुसता ताकभात खाल्ला.

सगळे पूर्ववत् झाले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चुली वेगळ्या झाल्या त्या झाल्याच. परंतु पुढल्या गणपतीला दोन्ही घरची आरती एका चौकात झाली, आणि मधल्या भिंतीत एक दार ठेवले गेले. ते दार पुढे कधी बंद झाले नाही. आता ते घर राहिलेले नाही. आम्ही भावंडे पांगलो, काकांची मुले दूरदेशी गेली, जागा विकली गेली. आत्याही गेली. ती सुतळी तिने ठेवली असेल असे आपल्याला वाटेल. तिने तिने जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधला आणि तो रद्दीवाल्याला दिला. प्रमेय आहे म्हटल्यावर सुतळी जपायची कशाला?

बंधुभगिनींनो, आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. कोणी महाराष्ट्रातून इथे आले, कोणी इथून पुढे गेले. कोणाची खुंटी बडा बाजारात, कोणाची पुण्यात, कोणाची समुद्रापलीकडे. पछीत आता कोणालाच सरळ मोजता येणार नाही. मध्ये बरेच काही कोसळून पडले आहे. तरी जो जिथे उभा असेल तिथून त्याने दोन्ही दोऱ्या प्रामाणिकपणे निम्म्या कराव्यात. येणारे माप निम्मे असेल, पण ते पछितीला समांतर असेल, आणि सगळ्यांचे सारखेच येईल.